शब्दकोडे, सूत्रबद्ध

आडव्या व उभ्या ओळींच्या चौकटीत शब्द भरण्याच्या कोड्यातील काही प्रमुख उत्तरे एखाद्या समान कल्पनेने परस्परांशी निगडित असल्यास त्या कोड्यास सूत्रबद्ध शब्दकोडे म्हणतात. ही समान कल्पना म्हणजे कोड्याचे सूत्र आणि तिने बांधलेली उत्तरे म्हणजे सूत्रोत्तरे होत. सूत्र सामान्यतः उघड सांगितलेले नसते. ते सोडविणाऱ्याने शोधावयाचे असते. त्यामुळे अशा कोड्यात दोन कोडी एकात एक असतात : चौकट भरणे हे पहिले आणि ती चौकट अशाच शब्दांनी का भरली आहे हे ओळखणे हे दुसरे. साप्ताहिके व दैनिकांच्या रविवारच्या पुरवण्या यांतून हा प्रकार विशेष रूढ झाला. कारण चौकट मोठी असते आणि वाचकापाशी सवडही असते.

शब्दकोडे ही माहितीची परीक्षा होय, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो अपुरा आहे. माहिती असलेल्या उत्तरांवरून माहिती नसलेली उत्तरे अनुमानाने मिळविणे आणि मिळालेले उत्तर चुकीचे असल्यास ते कोड्यातील पुराव्यावरूनच ओळखून खोडणे, हे शब्दकोड्याचे खरे स्वरूप आहे. सूत्रामुळे या पुराव्यात एका स्वतंत्र साधनाची भर पडते. हेच सूत्रबद्ध शब्दकोड्याचे वैशिष्ट्य होय.

इतिहास : आधुनिक शब्दकोड्याचा आरंभ २१ डिसेंबर १९१३ रोजी झाला. त्या दिवशी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या रविवारच्या ‘फन’ या पुरवणीत, मूळचे लिव्हरपूलचे असलेले पत्रकार आर्थर विन (१८७१–१९४५) यांनी समभुज चौकोनाच्या आकाराचे एक कोडे ‘वर्ड-क्रॉस’ या नावाने प्रसिद्ध केले. पुढे या नावातील दोन पदांची अदलाबदल होऊन ‘क्रॉस-वर्ड’ हे नाव रूढ झाले. १९२४ मध्ये सायमन अँड शूस्टर या प्रकाशनसंस्थेने शब्दकोड्यांचा पहिला संग्रह प्रत्येक प्रतीसोबत एक पेन्सिल जोडून विक्रीस काढला. त्याला मिळालेल्या प्रतिसादामुळे या करमणुकीची अमेरिकेत लाट आली. संग्रहाच्या तीन संपादकांपैकी मार्गारेट पेदरब्रिज (विवाहोत्तर नाव फॅरार; १८९७–१९८४) यांनी पुढे या प्रकाराला शिस्त लावली.

‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आरंभी या छंदाची अग्रलेखातून टर उडविली होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरल्यानंतर मात्र युद्धवार्तांनी त्रासलेल्या वाचकांना काही विरंगुळा असावा, या विचाराने १५ फेब्रुवारी १९४२ पासून या पत्राने रविवारचे साप्ताहिक शब्दकोडे सुरू केले. दैनिक कोडे ११ सप्टेंबर १९५० पासून येऊ लागले. फॅरार यांनी १९६९ पर्यंत, त्यांच्यानंतर विल वेंग यांनी १९७७ पर्यंत व यूजीन मालेस्का यांनी १९९३ पर्यंत संपादन केले. १९९३ मध्ये विल शॉर्ट्झ हे संपादक झाले. सूत्राची कल्पना कोड्याच्या शीर्षकातून सूचित करण्याची आणि ती उत्तरांतच दडविण्याची पद्धत १९५० च्या दशकात स्थिरावली. तिचे श्रेय हॅरल्ड बर्स या कोडेकाराला दिले जाते. ‘कॅटलॉग’ हे शीर्षक असलेल्या त्यांच्या एका कोड्यात मांजराची निरनिराळी इंग्रजी नावे उत्तरांच्या पोटात लपलेली होती. शीर्षकातील ‘कॅट’ हाच त्याचा इशारा होता.

ब्रिटनमध्ये या प्रकाराने वेगळे वळण घेतले. तेथे १९२४ मध्ये ‘संडे एक्स्प्रेस’ने वृत्तपत्रातील पहिले शब्दकोडे छापले. १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये ‘टॉर्कमाडा’ या टोपणनावाने एडवर्ड पॉइस मॅदर्स (१८९२–१९३९) यांनी कूटसंकेतांची कोडी रचली. बीबीसीच्या ‘द लिसनर’ या साप्ताहिकात २ एप्रिल १९३० पासून दर आठवड्याला येणारे कोडे हे सूत्रबद्ध कोड्यांतील अतिशय अवघड समजले जाते. त्याच्या चौकटीत काळ्या घरांऐवजी बहुधा जाड रेषांनी शब्द तोडलेले असतात. आरंभी शीर्षक व लहानशी प्रस्तावना देतात आणि कित्येकदा उत्तरे चौकटीत भरण्यापूर्वी सूत्रानुसार बदलावी लागतात. १९९१ मध्ये ते साप्ताहिक बंद पडले. परंतु कोडे त्याच नावाने ‘द टाइम्स’च्या शनिवारच्या अंकात चालू राहिले. नियतकालिक संपले आणि त्यातील कोडे मात्र मागे उरले, हे त्याच्या वाचकवर्गाच्या निष्ठेचे द्योतक आहे.

रचना : अमेरिकी पद्धतीची दैनिक चौकट सामान्यतः १५ × १५ घरांची व रविवारची २१ × २१ घरांची असते. चौकट अर्ध्या फेऱ्याने, म्हणजे १८० अंशांतून, फिरविली असता काळ्या घरांची मांडणी जशीच्या तशी राहावी, असा संकेत आहे. कोणताही शब्द तीन अक्षरांपेक्षा लहान नसतो आणि प्रत्येक पांढरे घर एका आडव्या व एका उभ्या अशा दोन शब्दांत येते. अशा सामाईक घरास येथे छेदघर म्हटले आहे. कोडेकार प्रथम सूत्रोत्तरे ठरवितो, ती समोरासमोरच्या स्थानी बसविता यावीत म्हणून समान लांबीच्या जोड्या जुळवितो आणि नंतर काळी घरे व उरलेले शब्द योजतो. म्हणजे चौकट प्रथम व शब्द नंतर असा क्रम नसून सूत्र प्रथम, चौकट नंतर व संकेत अखेरीस, असा रचनेचा क्रम असतो. सोडविणाऱ्याला नेमका उलट प्रवास करावा लागतो.

छेदघरांमुळे शब्दकोडे शक्य होते व सुटतेही. याचे गणिती स्पष्टीकरण क्लॉड शॅनन (१९१६–२००१) यांनी १९४८ मध्ये संदेशवहनाच्या आपल्या प्रसिद्ध सिद्धांताच्या ओघात केले. भाषेत अक्षरांचा कोणताही क्रम अर्थपूर्ण ठरत नाही. काही क्रम येतात, बहुतेक येत नाहीत. भाषेच्या या अंगभूत बंधनामुळे संदेशात जी द्विरुक्ती येते, ती मुळीच नसती तर अक्षरांची कोणतीही जुळणी शब्दकोडे ठरली असती. ती फार अधिक असती तर आडवे व उभे शब्द एकत्र बसविणेच अशक्य झाले असते. ही द्विरुक्ती निम्म्याच्या आसपास असल्यास मोठी द्विमितीय कोडी जेमतेम शक्य होतात, असे त्यांनी दाखविले. ज्या गुणधर्मामुळे अस्पष्ट ऐकू आलेले वाक्य आपण पुरे करून घेतो, त्याच गुणधर्मामुळे अर्धवट भरलेला शब्द आपण ओळखतो. [⟶ माहिती सिद्धांत].

सूत्राचे प्रकार : (१) समवर्गी : सूत्रोत्तरांत एकाच वर्गातील नावे येतात किंवा लपलेली असतात. (२) रूपांतरी : परिचित शब्दसमूहात अक्षर मिळवून, गाळून किंवा बदलून विनोदी नवा समूह बनवितात व संकेत त्या नव्या अर्थाला धरून देतात. (३) संयुक्तघरी : एकाच घरात अनेक अक्षरे, एखादा पूर्ण शब्द किंवा चिन्ह लिहावे लागते. (४) उक्तिबद्ध : सर्व सूत्रोत्तरे ओळीने वाचली असता एखादे वाक्य तयार होते. (५) चौकटबद्ध : चौकटीचा आकार, काळ्या घरांची मांडणी किंवा शब्दांची दिशा यांतच सूत्र दडलेले असते, उदा., शब्द उलटे किंवा तिरपे भरणे. पुष्कळदा शेवटच्या सूत्रोत्तराचा संकेत इतर सूत्रोत्तरांकडे निर्देश करतो. अशा उत्तरास उलगडा करणारे उत्तर म्हणता येईल.

चांगल्या सूत्राची कसोटी तीन बाबींवर अवलंबून असते. पहिली एकवाक्यता : सूत्र सर्व सूत्रोत्तरांना एकाच रीतीने लागू पडले पाहिजे. दुसरी सीमितता : कोणतेही शब्द त्यात बसतील इतके ते सैल नसावे. तिसरी उपयुक्तता : सूत्र कळल्यावर उरलेली उत्तरे मिळविण्यास मदत झाली पाहिजे. चौकट पूर्ण भरल्यानंतरच जे लक्षात येते, ते सूत्र शोभेचे असते, कामाचे नसते.

सोडविण्याची पद्धती : प्रथम शीर्षक वाचून मनात ठेवावे, त्याचा अर्थ लगेच लावू नये. त्यानंतर ज्यांची उत्तरे निश्चित माहीत आहेत असे संकेत निवडावेत. रिकाम्या जागा भरण्याचे संकेत, विशेषनामे व लहान शब्द या दृष्टीने सोयीचे असतात. संकेताच्या व्याकरणाकडे लक्ष देणे अगत्याचे असते. संकेत अनेकवचनी असल्यास उत्तर अनेकवचनी, क्रियापदाचा असल्यास उत्तरही त्याच काळातील क्रियापद, हा नियम चांगला कोडेकार मोडत नाही. संकेतापुढे प्रश्नचिन्ह असल्यास तेथे श्लेष किंवा शब्दांचा खेळ आहे, असे अमेरिकी पद्धतीत समजावयाचे असते. एका भागात पाय रोवल्यानंतर तेथील छेदघरांच्या आधाराने शेजारच्या भागात जावे. चौकटीत विखुरलेली सुटी उत्तरे एकमेकांना फारशी साहाय्य करीत नाहीत. दोन सूत्रोत्तरे हाती आली, की त्यांच्यातील साम्याविषयी तर्क बांधावा आणि तो तिसऱ्या उत्तरावर तपासून पाहावा.

ही पद्धती पुढील उदाहरणावरून स्पष्ट होईल. उदाहरण याच लेखासाठी रचले असून त्यात मराठीच्या रूढीप्रमाणे एका घरात काना-मात्रांसह एक पूर्ण अक्षर लिहावयाचे आहे. कोड्याचे शीर्षक ‘चढत्या भाजणीने’ असे आहे. चार आडवी सूत्रोत्तरे वरून खाली अशी आहेत : पहिले चार अक्षरी, संकेत ‘कोणाशी कसे वागावे याची समज’, दुसरे पाच अक्षरी, संकेत ‘दुसऱ्याच्या दुःखाशी एकरूप होण्याची वृत्ती’, तिसरे पाच अक्षरी, संकेत ‘प्रतिष्ठान येथे राजधानी असलेला प्राचीन राजवंश’, चौथे चार अक्षरी, संकेत ‘मनात जपलेला भूतकाळ’.

सोडविणारा पहिल्या संकेतावरून ‘तारतम्य’ व दुसऱ्यावरून ‘सहवेदना’ लिहितो. दोन्ही उत्तरे घरांच्या संख्येत बसतात आणि अर्थानेही चुकीची म्हणता येत नाहीत. तिसरे ‘सातवाहन’ हे निःसंशय असते. चौथ्या ठिकाणी उभ्या ‘कठडा’ या शब्दावरून दुसऱ्या घरात ‘ठ’ व उभ्या ‘सरपण’वरून चौथ्या घरात ‘ण’ मिळतो. या आकृतीत ‘आठवण’, ‘साठवण’ व ‘पाठवण’ हे तिन्ही शब्द बसतात. संकेताचा कल ‘आठवण’कडे आहे.

आता अडचण उपस्थित होते. ‘दिवाळीतील मातीचा दिवा’ या उभ्या संकेताचे ‘पणती’ हे उत्तर दुसऱ्या सूत्रोत्तराच्या शेवटच्या घरात संपते; परंतु तेथे ‘सहवेदना’चा ‘ना’ आहे. त्याचप्रमाणे पहिल्या सूत्रोत्तराच्या पहिल्या घरातून खाली जाणाऱ्या ‘शेतांमधून जाणारी अरुंद वाट’ या तीन अक्षरी शब्दाचा आरंभ ‘तारतम्य’मुळे ‘ता’ने व्हावा लागतो आणि तसा शब्द सापडत नाही. छेदघरांनी येथे आपले काम चोख केले आहे : कोठेतरी चूक आहे, हे त्यांनी दाखविले. मात्र आडवा शब्द चुकला की उभा, हे त्यांना सांगता येत नाही.

हा निर्णय सूत्र देते. ‘सातवाहन’ व ‘आठवण’ यांच्या आरंभी ‘सात’ व ‘आठ’ या संख्या आहेत आणि शीर्षक चढत्या क्रमाचे सूचन करते. तसे असल्यास वरच्या दोन उत्तरांचा आरंभ ‘पाच’ व ‘सहा’ या संख्यांनी झाला पाहिजे. दुसऱ्या उत्तराचे दुसरे घर ‘ह’ नसून ‘हा’ आहे, हे कळताच ‘सहवेदना’ खोडून ‘सहानुभूती’ लिहिता येते व ‘पणती’ही जुळते. पहिल्या उत्तराची ‘पा’ व ‘च’ ही अक्षरे मिळताच ‘पाचपोच’ सुचते आणि उभ्या शब्दाची ‘पाणंद’ होते. ‘साठवण’मध्येही ‘साठ’ ही संख्या दडलेली आहे. म्हणून ‘प्रत्येक उत्तरात एक संख्या’ एवढे ढोबळ सूत्र पुरेसे झाले नसते. चढता क्रम व संकेताचा अर्थ या दोहोंनी मिळून ‘आठवण’ निश्चित होते. याच कारणासाठी कोडेकाराने ‘विचारणा’ हा शब्द घेऊ नये. त्यात ‘चार’ आहे, पण ते आरंभी नाही. ‘चारचौघे’ हाही घेऊ नये. कारण त्यातील संख्या संख्या म्हणूनच वावरते, लपत नाही.

या उदाहरणातून तीन गोष्टी दिसतात. संकेत एकटा असता अनेक उत्तरांना वाव देतो. छेदघरे विसंगती उघड करतात. आणि सूत्र त्या विसंगतीचा निकाल लावते. ही तिन्ही साधने परस्परांपासून स्वतंत्र असल्यामुळेच त्यांच्या एकमताला मोल आहे. पहिले उत्तर कितीही पटलेले असले, तरी ते पुसण्याची तयारी हा सोडविणाऱ्याचा प्रमुख गुण होय. अनुभवी माणसे चौकट वेगाने भरतात, याचे एक कारण ती चुकीच्या उत्तराला फार काळ धरून बसत नाहीत, हे आहे.

कोडेकाराची जबाबदारी : सोडविणाऱ्याला फसविण्याचा अधिकार कोडेकाराला असतो, परंतु अन्याय करण्याचा नसतो. ‘अफ्रिट’ (अ‍ॅलिस्टेअर फर्ग्युसन रिची, १८८७–१९५४) यांनी आपल्या १९४९ मधील संग्रहात हे तत्त्व मांडले : संकेताचा वरवरचा अर्थ दिशाभूल करणारा असला तरी चालेल, पण त्याचे शब्द काटेकोरपणे वाचले असता त्यांतून उत्तर निघालेच पाहिजे. ‘झिमेनीझ’ (डेरिक सॉमरसेट मॅकनट, १९०२–७१) यांनी १९६६ मधील आपल्या ग्रंथात त्याचे सविस्तर नियम केले.

या तत्त्वाला भारतात, विशेषतः मुंबई राज्यात, न्यायालयीन महत्त्वही प्राप्त झाले. मोठ्या रोख बक्षिसांच्या शब्दकोडे-स्पर्धा वृत्तपत्रांतून चालत. त्यांतील संकेतांना एकाहून अधिक उत्तरे सारखीच लागू पडत आणि स्पर्धेच्या चालकाने आधी ठरवून मोहोरबंद ठेवलेल्या उत्तराशी ज्याचे उत्तर जुळेल तो विजयी ठरे. १९४८ च्या मुंबई लॉटरी व बक्षीस स्पर्धा नियंत्रण व कर अधिनियमाने आणि १९५५ च्या केंद्रीय बक्षीस स्पर्धा अधिनियमाने त्यांवर निर्बंध घातले. केंद्रीय अधिनियमाने महिन्याला एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसे देणाऱ्या स्पर्धांना मनाई केली व प्रवेशिकांची संख्या दोन हजारांपर्यंत सीमित केली. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आर. एम. डी. चमारबागवाला यांच्याशी संबंधित दोन प्रकरणांत निर्णय देऊन कौशल्याच्या स्पर्धा व जुगाराच्या स्वरूपाच्या स्पर्धा असा भेद केला. ज्या स्पर्धांतील यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते त्यांना केंद्रीय अधिनियमाची बंधने लागू होत नाहीत, असा त्याचा अन्वयार्थ लावला. जुगाराच्या स्वरूपाच्या व्यवहाराला मात्र व्यापारस्वातंत्र्याचे घटनात्मक संरक्षण नाही, असे ठरविले. कोड्याच्या दृष्टीने हा भेद मूलभूत आहे. दोन उत्तरांपैकी एक निवडण्यास चौकटीत पुरावा असेल तर निवड हे कौशल्य होय. तसा पुरावाच नसेल तर ती सोडत होय.

संदिग्धतेचा न्याय्य उपयोग कसा करता येतो, याचे उत्कृष्ट उदाहरण ५ नोव्हेंबर १९९६ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये आढळते. तो अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीचा दिवस होता. जेरेमाया फॅरेल यांच्या त्या कोड्यात दुसऱ्या दिवशीच्या प्रमुख वार्तेचा संकेत देऊन विजयी उमेदवाराचे नाव विचारले होते. तेथे ‘क्लिंटन’ व ‘बॉब डोल’ ही इंग्रजीत सात-सात अक्षरांची दोन्ही नावे बसत होती आणि त्यांना छेदणाऱ्या प्रत्येक उभ्या शब्दाचा संकेत दोन्ही अक्षरांना लागू पडत होता. उदा., ऑल हॅलोज ईव्हच्या सणाशी संबंधित काळ्या प्राण्याचे नाव ‘कॅट’ही होते आणि ‘बॅट’ही. एकच नाव भरलेल्या अनेकांना कोडेकाराने निकाल आधीच गृहीत धरला, असे वाटले. वस्तुतः येथे दोन्ही उत्तरे बरोबर होती. संदिग्धता हेच सूत्र होते. मोहोरबंद उत्तराच्या स्पर्धेत संदिग्धता चालकाच्या सोयीसाठी होती, येथे ती वाचकाच्या आनंदासाठी होती.

यंत्र आणि सूत्र : शॉर्ट्झ यांनी १९७८ मध्ये कनेक्टिकट राज्यातील स्टॅमफर्ड येथे अमेरिकन शब्दकोडे स्पर्धा सुरू केली. २०१२ मध्ये मॅट गिन्सबर्ग यांनी तयार केलेला ‘डॉक्टर फिल’ हा संगणकीय कार्यक्रम तीत अनधिकृतपणे उतरविण्यात आला. जुन्या कोड्यांतील संकेत व उत्तरे यांचा प्रचंड साठा आणि वेग ही दोन्ही त्याच्यापाशी होती; तरीही तो १४१ व्या क्रमांकावर राहिला. काही शब्द उलटे लिहावे लागणारे व काही तिरपे मांडावे लागणारे अशा दोन असाधारण सूत्रांच्या कोड्यांनी त्याला अडविले. २०२१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांच्या साहाय्याने, प्रश्नोत्तरांसाठी शिकविलेल्या यंत्रणेची जोड देऊन, त्याने काही चुका होऊनही सर्व मानवी स्पर्धकांपेक्षा अधिक गुण मिळविले. यावरून सूत्र यंत्राच्या आवाक्याबाहेरचे आहे असे म्हणता येणार नाही. परंतु केवळ शब्दसाठा व वेग यांनी जे साधले नाही ते नेमके सूत्राच्याच ठिकाणी अडले, ही गोष्ट त्याचे बौद्धिक स्वरूप स्पष्ट करते.

मराठीतील स्थिती : मराठी दैनिके, साप्ताहिके व दिवाळी अंक यांतून शब्दकोडी दीर्घकाळ प्रसिद्ध होत आली आहेत. ‘आडवे शब्द’ व ‘उभे शब्द’ ही त्यांतील संकेतांची रूढ शीर्षके होत. इंग्रजी कोड्याचे एकक सुटे वर्णचिन्ह असते, तर मराठीचे एकक स्वरचिन्हांसह अक्षर असते. जोडाक्षरही एकाच घरात लिहितात. इंग्रजीत एका घरात सव्वीसांपैकी एक चिन्ह येते. मराठीत अशा अक्षरांची संख्या कितीतरी मोठी आहे. याचे दोन परिणाम होतात. एक छेदघर सुटले, की मराठीत शब्दाचा अधिक मोठा अंश हाती येतो. उलट दोन शब्दांत तंतोतंत तेच अक्षर सापडणे अवघड असल्याने सर्व घरे छेदघरे असलेली दाट चौकट रचणे फार कष्टाचे होते. म्हणून मराठी चौकटींत काळी घरे अधिक व शब्द आखूड असण्याकडे कल दिसतो. छेदघरांचा आधार जेथे विरळ असतो तेथे सूत्राचा आधार अधिक मोलाचा ठरतो. मराठी कोडेकारांना सूत्र उपयोगी पडण्याचे हे खास कारण आहे.

इंग्रजी सूत्रांचे अनुकरण येथे जसेच्या तसे करता येत नाही. ‘पाचोळा’ या शब्दात कानाला ‘पाच’ ऐकू येते. पण दुसऱ्या घरात ‘च’ नसून ‘चो’ असल्यामुळे वरील सूत्रात तो बसत नाही. ‘चारित्र्य’ची गोष्टही तीच. याउलट अक्षर हे एकक असल्यामुळेच काही सूत्रे मराठीत सहज साधतात. ‘कनक’, ‘मध्यम’, ‘नवीन’, ‘नवजीवन’ हे शब्द वर्णशः उलटे केले तर बदलतात; अक्षरशः उलटे केले तर तसेच राहतात. संधी, समास, काना-मात्रांचा फेर आणि अनुस्वाराने होणारा अर्थभेद ही मराठीतील सूत्रांची स्वाभाविक क्षेत्रे आहेत. ‘सहानुभूती’तील ‘सहा’ ही संख्या ‘सह’ व ‘अनुभूती’ यांच्या संधीतून निर्माण झाली आहे, हे या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे आहे.

शब्दकोड्याने शब्दसंग्रह वाढतो, हा त्याचा नेहमी सांगितला जाणारा लाभ खरा असला तरी गौण आहे. सूत्रबद्ध कोडे सोडविणाऱ्याला अपुऱ्या पुराव्यावर तर्क बांधण्याची, त्या तर्काला तपासणीस सामोरे ठेवण्याची आणि तो टिकला नाही तर हातचे उत्तर सोडून देण्याची सवय लावते. आठवड्यातील एका सकाळी पेन्सिल व खोडरबर घेऊन बसलेला वाचक लहान प्रमाणावर तेच करीत असतो, जे संशोधक किंवा न्यायाधीश आपापल्या क्षेत्रांत करतात. फरक इतकाच, की येथे उत्तर अस्तित्वात आहे, ते एका माणसाने जाणीवपूर्वक ठेवले आहे आणि ते सापडावे अशीच त्याची इच्छा आहे.